उन्तो

लुगोच्या डोंगरात नोव्हेंबरात डुक्कर कापलं
की पोटाच्या आतलं चरबीचं पांढरं पान
मीठ चोळून गुंडाळतात, सुतळीनं आवळतात,
आणि चुलीवर, धुराच्या वाटेत टांगतात.
मार्चपर्यंत ते पिवळं पडतं, म्हाताऱ्या दातासारखं,
आणि वास...
वासाबद्दल नंतर.

मी आरोग्यकेंद्रात आहार सांगते.
मंगळवारी, गुरुवारी तक्ते वाटते.
मेद, वसा, स्निग्धांश : एका ग्रॅमला नऊ उष्मांक.
हे इतक्यांदा बोलले आहे
की समोरच्यानं मान हलवायच्या आत
माझीच हलते.

आईचा रिपोर्ट आला. दोसिंदा, वय एकोणऐंशी.
दोनशे चौऱ्याहत्तर.
मी स्टुलावर चढले, आकड्यावरून उन्तो काढला,
वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत टाकला.
याच चरबीनं तिनं माझे बूट चोपडले होते,
फाटकाची बिजागरी गप्प केली होती,
हिवाळ्यात भेगाळलेली माझी बोटं एकेक करून.
ती काही बोलली नाही. इतकंच म्हणाली,
"दोरी कापू नकोस."

मग ती माझ्या कागदाबरहुकूम काल्दो शिजवू लागली.
सलगमाचा पाला, बटाटे, पांढरे घेवडे,
वरून चमचाभर ऑलिव्ह तेल.
पाला एकीकडे, पाणी दुसरीकडे,
एकाच पातेल्यात अबोला धरलेल्या जावा.
"बरंय," म्हणायची, आणि वाटी अर्धी ठेवायची.
सहा आठवड्यांत साडेचार किलो उतरली.
माझ्या रकान्यात ते यश म्हणून लिहिलं गेलं.
तिनं अंगठीला आतून दोरा गुंडाळला होता,
बोटातून गळू नये म्हणून.

उन्तो माझ्या फ्रिजच्या तळाशी.
टाकवत नव्हता. कचऱ्याची गाडी सोमवारी येते,
असं मी दर मंगळवारी स्वतःला सांगायचे.
आता वास.
खवट. हो, खवटच. पण त्यामागे धूर,
धुरामागे ओली घोंगडी, तिच्यामागे अक्रोड,
आणि त्याच्याही मागे कोणीतरी दार उघडून म्हणतंय, आलीस?
तो माझ्या लोकरी कोटात शिरला.
केंद्रात एलिसार्दो नावाचे आजोबा तक्ता घेता घेता थांबले,
हुंगले, आणि म्हणाले,
"बाई, आज तुमच्याकडे काल्दो का?"

त्या रात्री वजनकाटा काढला.
इतकी वर्षं नाकानं कांदे सोलले,
मोजलं मात्र आज पहिल्यांदा.
अक्रोडाएवढा तुकडा : अठरा ग्रॅम.
नवानं गुणलं, पडद्याचं वजन सोडून दिलं : एकशे बासष्ट.
पातेलं सहा जणांचं. माणशी सत्तावीस.
केंद्रातल्या यंत्रातून पडणारं एक बिस्किट याहून जड.

तुकडा कापताना सुरी दोरीला अडली.
गाठ उलटी होती. डावखुऱ्याची.
बाबांनी नोव्हेंबरात बांधली, जानेवारीत ते गेले.
आई दुसऱ्या टोकाकडून कापत आली होती,
दोरीचा एकेक वेढा मागे सरकवत,
गाठीला हात न लावता.

रविवारी मी तो परत नेला.
आभार नाहीत, रुसवा नाही.
तिनं कापल्या तोंडानं आधी घावनाचा तवा पुसला,
तवा चुरचुरला,
मग पाल्याच्या पाण्यात तो तुकडा सोडला.
पाणी दुधाळलं. वर सोनेरी डोळे उघडले, एक, चार, असंख्य.
झाकण तिनं तिरकं ठेवलं. उतू नये, मातू नये.
घेतला वसा, म्हणजे कुठला, ते मी विचारलं नाही.

"तुझ्या काट्यावर किती भरला?"
"अठरा."
"मग वीस टाक," म्हणाली.

गाठ अजून चार बोटं लांब आहे.